उतारवयातील व्यायाम : समज आणि वस्तुस्थिती

साठी उलटलेल्या माणसाने नोकरीबरोबर शरीरालाही पेन्शनीत काढावे, हा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दस्तूर आहे. आणि तो प्रेमापोटी पाळला जात असल्यामुळेच अधिक घातक आहे. सून हातातली कळशी काढून घेते, मुलगा बाजाराची पिशवी घेतो, जिन्यावरून वरखाली करण्याचे काम नातवंडांकडे जाते, आणि 'तुम्ही बसा, आता तुमचं वय झालं' असे म्हटले की वडिलधाऱ्यांचा मान राखल्याचे समाधान साऱ्यांनाच लाभते. परंतु त्या मानाबरोबर त्यांच्या पायांतले बळही दिवसेंदिवस ओसरत आहे, याची रुजुवात सहसा कोणी करीत नाही.

विश्रांतीने शक्ती साठते, ही समजूत या दस्तुराच्या मुळाशी आहे. स्नायूंच्या बाबतीत ती खरी नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले, तर तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील चरबीविरहित मांसल भाग सरासरीने सुमारे एक किलो घटला. दुखण्यातून उठलेल्या आजोबांचे पाय लटपटू लागले म्हणजे आपण सगळा दोष वयाच्या माथी मारतो. त्यातील अंथरुणाचा हिस्सा मात्र हिशेबातच धरत नाही.

एकदा गेलेले बळ म्हातारपणी परत येत नाही, हा दुसरा समज, आणि माझ्या मते सर्वांत निराशाजनक. त्याचे खंडन बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत झाले. डॉ. मारिया फियातारोने यांनी तेथील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल रहिवाशांकडून देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार, ज्या नऊ जणांनी मुदत पुरी केली त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि पावलापुढे पाऊल लावून सरळ रेषेत चालण्याची गती जवळपास दीडपट झाली. नऊ माणसांवर कितीसा इतबार ठेवावा, अशी शंका कोणी घेईल, तर १९९४ साली याच गटाने शंभर वृद्धांवर केलेल्या प्रयोगातही शक्ती दुपटीहून अधिक झाल्याचे दिसले. शिवाय या दुसऱ्या प्रयोगात काहींना व्यायामाविना नुसते पौष्टिक पेय देऊन पाहिले होते. त्याने स्नायूंचा अशक्तपणा हटला नाही. टॉनिकच्या बाटल्यांवर भिस्त ठेवणाऱ्या घरांनी एवढे ध्यानात ठेवावे.

गुडघे यंत्राच्या भागांप्रमाणे वापराने झिजतात, म्हणून ते जपून वापरावेत, असेही सांगितले जाते. यंत्राला स्वतःची डागडुजी करता येत नाही. सांध्याची गोष्ट निराळी आहे. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो व सुटतो, तेव्हाच सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. मांडीचे स्नायू सशक्त असले तर सांध्यावरचा भार ते पेलतात. म्हणूनच गुडघेदुखीवर आज जाणते डॉक्टर बेताचा, नियमित व्यायाम सुचवतात. आरंभी थोडे दुखले तरी भिण्याचे कारण नाही. मात्र सांधा सुजला, किंवा दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढतच राहिले, तर मात्रा कमी करावी.

आता सकाळच्या फेरीविषयी. चालणे उत्तमच, पण तेवढ्याने सारे साधते, हा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर, दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला आहे. कारण उघड आहे: बागेत तासभर फिरणाऱ्या गृहस्थालाही पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, आणि म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो बहुधा अशाच उठण्याबसण्यात.

त्यासाठी तालमीची गरज नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या कडेशी सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीवर बांधून पुढे झुकावे आणि उठावे. मग धपकन न बसता सावकाश खाली यावे, कारण मांडीच्या स्नायूंना खरे काम त्या सावकाशीतच पडते. जमत नसेल तर बैठकीवर जाड उशी घालून उंची वाढवावी, किंवा प्रथम हातांचा टेकू घ्यावा. आकडे मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. श्वास रोखून जोर केल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. तोलासाठी स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून टाचा उचलाव्यात, एका पायावर क्षणभर उभे राहावे.

रोज दहा हजार पावलांचा जो दंडक सर्वतोमुखी आहे, त्याचा उगम वैद्यकात नसून १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या पावलेमापक यंत्राच्या जाहिरातीत आहे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ सालच्या पाहणीत दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास ते आणखी घटेनासे झाले.

योगासने म्हणजे अंग पिळवटणे, या भीतीला तर पुण्यातच उत्तर आहे: बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, लोड आणि भिंत यांच्या आधाराने ताठर शरीरांसाठीही आसने सुलभ केली.

सावधगिरी हवीच. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, वारंवार येणारी घेरी किंवा ठिसूळ झालेली हाडे असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दाटून आले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तत्क्षणी थांबावे आणि मदत मागवावी. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत दम लागला की वेग पुरेसा समजावा. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. त्यांनी बाहेर पडताना साखरेची पुडी खिशात ठेवावी.