कडब्याचे बुडखे जनावर का टाकते?

सकाळी गाईपुढे कडब्याची पेंडी सोडा आणि संध्याकाळी गव्हाणीत डोकावून पाहा. पाने गेलेली, शेंडे गेलेले. बुडख्याकडची जाड कांडी मात्र तशीच पडलेली. आपण म्हणतो, गाय नखरेल आहे. पण दोष गाईचा नाही. त्या बुडख्यात लिग्निन साचलेले असते.

लॅटिन भाषेत लाकडाला लिग्नम म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. घराचा कूड आठवा. नुसत्या तुराट्या उभ्या केल्या तर वाऱ्याने हलतात. वरून शेणामातीचा गिलावा थापला की भिंत होते. झाडाच्या पेशीभिंतीत सेल्युलोजचे धागे म्हणजे तुराट्या आणि लिग्निन म्हणजे गिलावा. मात्र हा गिलावा पाण्याने सुटत नाही, उलट पाण्याला दूर ठेवतो. म्हणून तर मुळांचे पाणी नळ्यांमधून शेंड्यापर्यंत चढते. शंभर किलो कोरड्या लाकडात साधारण २० ते ३० किलो लिग्निनच असते.

सेल्युलोज ही साखरेच्या कणांची सरळ माळ. गाईच्या पोटातले जंतू तिचा एकेक मणी सोडवून घेतात. लिग्निनमध्ये साखर नाही. ते कार्बनच्या षट्कोनी कड्यांचे, आणि त्या कड्या गुंतलेल्या काथ्यासारख्या वाटेल तशा जोडलेल्या. जंतूंना त्याचे टोकच सापडत नाही. शिवाय ते फोडायला प्राणवायू लागतो, तो गाईच्या कोठीपोटात नसतो. वाईट एवढेच की, न पचणारे हे लिग्निन पचणाऱ्या सेल्युलोजलाही कवटाळून बसते. पोट भरते, दूध मात्र वाढत नाही.

ताट जून होते तसे लिग्निन वाढते. म्हणून केवळ वैरणीसाठी पेरलेली ज्वारी निम्मे पीक फुलोऱ्यात येताच कापावी. त्याआधी नको, कोवळ्या ज्वारीत विष असते आणि जनावर दगावते. दाण्याच्या ज्वारीला हा उपाय चालत नाही, भाकरी आधी! कडब्याची कुट्टी केली तर नासाडी थांबते, पण लिग्निन जिथल्या तिथे राहते.

ते सैल करायचे तर युरियाची प्रक्रिया आहे. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा यांना ती विशेष मानवते. १०० किलो कोरड्या काडासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. थर पसरून ते पाणी सारखे शिंपडावे, थर तुडवावा, मग दुसरा थर. शेवटी प्लॅस्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावे. आत युरियाचा अमोनिया होतो आणि लिग्निनची पकड ढिली करतो. खडा न विरघळता राहिला किंवा युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी गेले तर विषबाधा होते. बादली लगेच उचलून ठेवावी. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हे काड देऊ नये. इतरांनाही गंजीतून काढल्यावर तासभर पसरून, उग्र वास उडाल्यावर, आधी थोडे नेहमीच्या वैरणीत मिसळून घालावे.