मूळ कृती आणि तिचे नवे रूप : ‘दोरोरो’मधील वाणीचा प्रश्न

एखादी कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली, म्हणजे ती मुळाशी कितपत प्रामाणिक राहिली, हा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर देताना बहुधा प्रसंगांची मोजदाद होते : अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र वाढविले, शेवट बदलला. अशी यादी निरुपयोगी नव्हे. परंतु त्या बदलांचा परस्परसंबंध काय, हे तिच्यावरून कळत नाही. फेर्दिनां द सोस्यूर ह्याने भाषेची तुलना बुद्धिबळाच्या डावाशी केली आहे. पटावरचे एकच मोहरे हलते, पण त्यामुळे सर्व मोहऱ्यांचे मूल्य पालटते. रूपांतरित कथेकडेही ह्याच दृष्टीने पाहता येईल काय, हे एका जपानी उदाहरणाच्या साहाय्याने तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ओसामु तेझुका ह्यांची ‘दोरोरो’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९६७-६८ मध्ये ‘शोनेन सन्डे’ ह्या साप्ताहिकातून व पुढे १९६९ मध्ये ‘बोकेन-ओ’ ह्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९६९ मध्येच तिच्यावर २६ भागांची कृष्णधवल ॲनिमे-मालिका निघाली. त्यानंतर अर्धशतकाने, जानेवारी ते जून २०१९ ह्या काळात, काझुहिरो फुरुहाशी ह्यांच्या दिग्दर्शनाखाली २४ भागांची नवी मालिका प्रसारित झाली. येथे विचार करावयाचा आहे तो मूळ मांगा आणि ही नवी मालिका ह्यांचा.

कथाबीज दोहोंत एकच आहे. जपानातील अंतर्गत युद्धांच्या काळी दाइगो कागेमित्सु नावाचा सरदार दैत्यांशी करार करतो आणि मोबदल्यात त्याच्या नवजात पुत्राचे अवयव दैत्य वाटून घेतात. नदीत सोडून दिलेले ते मूल जुकाई नावाच्या वैद्याच्या हाती लागते. तो त्याला कृत्रिम अवयव बसवितो. हा मुलगा म्हणजे ह्याक्किमारु. एकेक दैत्य मारावा आणि एकेक अवयव परत मिळवावा, असा त्याचा प्रवास. वाटेत त्याला दोरोरो हे चोऱ्या करून जगणारे अनाथ पोर भेटते. हे नाव लहान मुलाच्या बोबड्या उच्चारावरून तेझुकांना सुचले, असे सांगितले जाते. ‘दोरोबो’ म्हणजे चोर. शेवटच्या अक्षरातील ‘ब’ आधीच्या ‘र’च्या प्रभावाने ‘र’ झाला, म्हणजे येथे सावर्ण्याची प्रक्रिया दिसते. भाषा शिकणाऱ्या बालकाचा उच्चार ह्या कृतीच्या शीर्षकातच असावा, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बाह्य फरक सहज दिसतात. मांगामध्ये दैत्य ४८ आहेत, तर मालिकेत १२. मांगाची अखेर काहीशी अकस्मात होते व नायकाचा शोध अपुराच राहतो. मालिका तो तडीस नेते. परंतु ज्या एका बदलाने सारा पट हलला, तो वेगळाच आहे. मूळ ह्याक्किमारुला जीभ नाही, कान नाहीत. तरी तो बोलतो. आपला विचार तो थेट दुसऱ्याच्या मनात पोचवितो आणि ओठ न हलविता बोलण्याची कलाही त्याने साधलेली आहे. तो दोरोरोशी वाद घालतो, थट्टा करतो, आपली पूर्वकथा स्वतः सांगतो. नव्या मालिकेतील ह्याक्किमारु प्रारंभी मुका, बहिरा व आंधळा आहे. सजीवांचे व दैत्यांचे आत्मे तेवढे त्याला ज्योतींसारखे जाणवतात.

हा भेद माध्यमाशी निगडित आहे. छापील पानावर कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. मुखाने उच्चारलेले व मनातून पोचविलेले वाक्य तेथे फुग्यातील अक्षरेच असतात. म्हणून मुक्या नायकाला बोलके करण्यास चित्रकथेत काहीच वेचावे लागत नाही. चलच्चित्रात मात्र आवाज हे प्रत्यक्ष द्रव्य आहे. तेथे वाणी काढून घेतली की प्रेक्षकाला तिची उणीव कानांनीच कळते.

पुढे मालिकेत वेदनेची जाणीव परत येते, मग श्रवण, मग आवाज. डोळे अगदी अखेरीस. श्रवण मिळताच ध्वनींचा कल्लोळ त्याला असह्य होतो. त्यात त्याला शांत करते ते मिओ ह्या तरुणीचे गाणे. मिओची कथा मांगामध्ये ह्याक्किमारु आठवण म्हणून सांगतो. मालिकेत ती डोळ्यांसमोर घडते, आणि सैनिकांनी मिओला मारल्यावर तिचे नाव हाच त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ठरतो. ज्या घटनेचे मुळात कथन होते, ती येथे भाषेच्या उगमाचा क्षण बनते. त्यानंतरही त्याचे बोलणे दीर्घकाळ तुटक, एकेका शब्दाचे राहते. त्याच्याशी अखंड बोलत राहणारे दोरोरो आता केवळ सोबती नसते, तर भाषा शिकविणारे माणूस होते.

आता दुसरा मोठा बदल पाहू. मांगामधील दाइगोला सत्ता हवी आहे. त्याचा अपराध निर्विवाद आहे. मालिकेतील दाइगोच्या मुलखात दुष्काळ, रोगराई व युद्ध थैमान घालीत आहेत, आणि करारानंतर तो मुलूख खरोखरीच सुखी होतो. पुत्र एकेक अवयव परत मिळवू लागताच तेथे आपत्ती परततात. मांगामध्ये लवकरच मारला जाणारा धाकटा भाऊ ताहोमारु येथे राज्याच्या बाजूचा कळकळीचा वकील झाला आहे. एकाच्या देहावर अनेकांचे अन्न उभे असेल, तर त्याने आपला देह मागावा की नाही?

हे दोन बदल स्वतंत्र वाटतात. वस्तुतः ते एकमेकांस आधार देतात. प्रजा, राज्य, कल्याण हे शब्द दाइगो व ताहोमारु ह्यांच्यापाशी आहेत. ज्याच्याकडून सर्वस्व घेतले गेले, त्याच्यापाशी युक्तिवादाची भाषा नाही. आपले ते परत हवे, एवढीच त्याची मागणी. मूळचा वाक्पटू ह्याक्किमारु ह्या प्रश्नात आणला असता, तर त्याने पित्याला सडेतोड उत्तर दिले असते आणि प्रश्न वादविवादात विरून गेला असता. तो निःशब्द असल्यामुळे अन्यायाचे समर्थन किती सहज वाक्यबद्ध होते आणि त्याचा निषेध किती कष्टाने शब्दांपर्यंत पोचतो, हे प्रेक्षकाला जाणवते.

ह्यात हानी झालीच नाही, असे नव्हे. तेझुकांच्या पानांतील खट्याळपणा, भीषण प्रसंगातही मध्येच डोकावणारा विनोद, दोघा वाटसरूंची खडाजंगी, हे सारे मालिकेत बरेच ओसरले आहे. नायकाची वाणी काढून घेतल्यावर ते तसेच टिकणे शक्य नव्हते. परंतु ही हानी कोणत्या लाभाची किंमत आहे, हे मात्र सांगता येते.

तेव्हा रूपांतराचा अभ्यास करणाऱ्याने बदलांची यादी अवश्य करावी, पण तेथेच थांबू नये. त्यांतील कोणत्या बदलामुळे इतर बदल अपरिहार्य झाले, हे शोधावे. असा एखादा बदल सापडला, तर त्या रूपांतराला स्वतःची व्यवस्था आहे असे समजावे. सापडला नाही, तर ती केवळ काटछाट होय. ‘दोरोरो’च्या २०१९ मधील रूपात नायकाचे मौन हा तसा बदल आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.