शेवटच्या शेताचे पाणी

पाटाला पाणी सुटले, की सोनईच्या शिवारात धांदल उडते. मुळा धरणाचे पाणी तोंडाजवळच्या शेताला आधी मिळते. शेवटच्या शेताला उरलेसुरले. पाणी कमी पडले, तर पहिले जळते ते हे शेवटचे शेत.

आपल्या शरीरातही असे एक शेत आहे. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत एक ग्रंथी असते. ग्रंथी म्हणजे रस तयार करणारी गाठ. हिला पिट्युटरी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव पीयूषिका. दिसायला हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पण कारभार मोठा! आईला दूध येणे, महिन्याची पाळी, मुलांची वाढ, अंगातली ऊब, आजारात टिकण्याची ताकद, ही कामे तिच्या हुकमाने चालतात.

तिच्या पुढच्या भागाला बहुतेक रक्त सरळ मिळत नाही. ते आधी मेंदूच्या एका भागातून फिरते, मग मंद गतीने इकडे येते.

गरोदरपणी ही ग्रंथी फुगते. तिच्यातल्या दूध आणणाऱ्या पेशी वाढतात. पेशी म्हणजे शरीराची बारीक वीट. पीक वाढले, पण पाणी त्या मानाने वाढले नाही. अशा वेळी बाळंतिणीच्या अंगावरून फार रक्त गेले, तर ती थंड पडते. नाडी लागत नाही. डॉक्टर रक्त चढवून तिला वाचवतात. घरचे म्हणतात, "देवानं राखली बाई!" पण मधल्या वेळात त्या पेशी उपाशी राहिल्या. त्या सुजल्या, मेल्या. पुढे तिथे नुसता वण उरतो. जळालेला ऊस मागून पाणी दिल्याने हिरवा होतो का?

थोड्या पेशी मेल्या, तर उरलेल्या काम ओढून नेतात. पुष्कळ मेल्या, तर बाळाला दूध येत नाही. पाळी परतत नाही. थंडी सोसत नाही, चक्कर येते, काखेतले केस झडतात. कधी हे सारे कळायला वर्षे लोटतात. सासू म्हणते, "आळशी झाली." शेजारीण म्हणते, "बाहेरचं लागलंय." दोन्ही खोटे.

शीहान नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी बाळंतपणात दगावलेल्या बायकांची शवे तपासून १९३७ साली हे उलगडून दाखवले. आजाराला त्यांचेच नाव पडले. हृदय बंद पडून, छाती दाबून पुन्हा सुरू केलेल्या काही रोग्यांतही ही ग्रंथी मंदावते. घोणस चावून वाचलेल्या काही माणसांतही तेच दिसते. घोणशीच्या विषाने रक्त बिघडते, आणि हरभऱ्याएवढी गाठ त्यात सापडते.

मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. पण शरीरात कमी पडलेले रस गोळ्यांतून देता येतात. रक्त तपासून डॉक्टर गोळ्या ठरवतात. त्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून सोडल्या, तर जिवावर बेतते. ताप आला, की मात्रा वाढवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून.

दवाखान्यात गेल्यावर बाळंतपणात किती रक्त गेले, ते आपण होऊन सांगावे. दहा वर्षे झाली असली तरी सांगावे. "तेव्हा तीन बाटल्या रक्त चढवलं होतं," एवढ्या एका वाक्यावरूनही डॉक्टरांना आजाराचा माग लागतो.