घोडचुकांची वही

गेल्या पावसाळ्यातील एक रात्र. पावणेबारा वाजून गेले होते. घरातील सारे झोपले होते आणि मी माजघरातल्या खाटेवर मोबाईल हाती धरून बुद्धिबळाचा दहावा की अकरावा डाव हरत होतो. पहिले दोन डाव गेल्यावर ‘एक जिंकून उठू’ असे मनाशी म्हटले होते. त्या एका विजयाच्या शोधात पुढचे सगळे डाव गेले. झोप लागली तेव्हा दीड वाजला असावा.

सकाळी दहा वर्षांची नात गणिताची वही घेऊन जवळ आली. अपूर्णांकांची बेरीज करताना ती छेद समान करायला विसरली होती. “एवढी साधी चूक करतेस?” मी खेकसलो. तिने वही मिटली आणि काही न बोलता ती आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याकडे वही घेऊन येईनाशी झाली. मला हे कळलेसुद्धा नव्हते. पंधरवड्यानंतर पत्नीने एका वाक्यात सांगितले, “अहो, रात्री हरता तुम्ही आणि सकाळी बोलणी खाते ती.”

मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. हजारो वह्यांवर लाल शाईने खुणा केल्या, ‘चूक पाहा, पुन्हा सोडवा’ असे शेरे लिहिले. स्वतःच्या चुकीकडे मात्र मी कधी थांबून पाहिले नव्हते. हा लेख त्या पाहण्याविषयी आहे.

पुरावा न पुसणारा पट

बुद्धिबळ मला आजोबांनी शिकवले. पवनीत वैनगंगेच्या काठी, वैजेश्वराच्या घाटावर संध्याकाळी पट मांडला जाई. त्यांचे नियम देशी होते. पहिल्या खेळीलाही प्यादे एकच घर चाले. डाव संपला की मोहरे पिशवीत जात आणि त्यांच्यासोबत हरलेल्याच्या चुकाही जात. दुसऱ्या दिवशी हरणारा ‘काल नशीबच नव्हते’ असे म्हणू शकत असे आणि कोणी त्याला खोडून काढू शकत नसे.

ऑनलाइन बुद्धिबळात ही सोय नाही. प्रत्येक खेळी आणि तिला लागलेला वेळ नोंदवला जातो. ‘लिचेस’सारख्या विनामूल्य संकेतस्थळावर डाव संपताच संगणकाकडून तो तपासून घेता येतो. किरकोळ ढिलाई, चूक आणि घोडचूक अशा तीन पायऱ्या लावून संगणक प्रत्येक खेळीचे माप सांगतो. एवढेच नव्हे, तर ज्या क्षणी आपण चुकलो तो पट पुन्हा समोर मांडून ‘आता अधिक चांगली खेळी शोधा’ असेही सांगतो. मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात, हे या खेळात मला फारच समर्पक वाटले. कारण माझी पहिली घोडचूक खरोखरच घोड्याची होती.

तो डाव अवघ्या सात खेळ्यांचा होता. माझ्याकडे पांढरे मोहरे होते. तिसऱ्या खेळीला प्रतिस्पर्ध्याने आपला घोडा पटाच्या मध्यभागी आणून ठेवला आणि राजासमोरचे प्यादे निराधार सोडले. चौथ्या खेळीला माझ्या घोड्याने ते प्यादे टिपले. त्याने वजीर बाहेर काढला. पाचव्या खेळीला त्याच घोड्याने आणखी एक प्यादे मारून मी त्याचा वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम मारा धरला. आता काहीतरी मोठे हाती लागणार, या आनंदात मी खाटेवर ताठ बसलो. त्याच्या वजिराने माझ्या राजाच्या बाजूचे एक प्यादे घेऊन हत्तीवर रोख धरला. मी हत्ती हलवला. वजिराने मधले प्यादे घेत शह दिला. मी उंट आडवा घातला. मग मध्यभागी इतका वेळ निवांत बसलेल्या त्या काळ्या घोड्याने एक उडी मारली आणि मात झाली. माझा राजा माझ्याच मोहऱ्यांच्या गर्दीत कोंडला गेला होता.

पुढे कळले की हा सापळा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज खेळाडू ब्लॅकबर्न यांच्या नावाशी तो जोडला जातो. त्या रात्री मात्र माझी खात्री होती की मी शेवटच्या खेळीला, उंट आडवा घालताना चुकलो. संगणकाचे मत निराळे होते. त्या जागी वजीर आडवा घातला असता, तर मात टळली असती. पण वजीर गेला असता. खरी घोडचूक पाचव्या खेळीची, दोन मोहरे एकदम हेरण्याच्या मोहाची होती. त्याहूनही आधी, चौथ्या खेळीला फुकट वाटलेले ते प्यादे घेणे, हीच पहिली चूक होती. घोड्याने घोडा मारला असता तर माझा डाव निर्धास्त होता.

वाचकहो, घरातील कोणतेही दुखणे आठवून पाहा. ते ज्या दिवशी जाणवते, त्या दिवशी सुरू झालेले नसते. माझे सकाळचे खेकसणेही सकाळचे नव्हते.

थरांखालचे थर

आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले आणि टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. उत्खननाची शिस्त साधी असते. एकेक थर सावकाश काढायचा, कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली ते लिहून ठेवायचे, आणि घाईने कुदळ चालवायची नाही. आपला हरलेला डाव तपासण्याची रीत मला याहून वेगळी वाटत नाही.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि चार नियम ठरवले. पहिला, हरल्याबरोबर डाव तपासायचा नाही. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. दुसरा, संगणकाला विचारण्याआधी स्वतः शोधायचे. कोठे चुकलो असे वाटते आणि त्या वेळी मनात काय होते, हे दोन ओळींत लिहायचे. तिसरा, मग संगणकाचे मत पाहायचे आणि चुकीला एका शब्दात नाव द्यायचे: लोभ, घाई, राग, थकवा, दुर्लक्ष. चौथा, आठवड्यात एक जिंकलेला डावही तपासायचा. जिंकलेल्या डावातील चुकांना शिक्षा मिळालेली नसते, म्हणून त्या अधिक काळ टिकतात.

दुसरा नियम सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा आहे. संगणक उत्तर देतो, पण माझ्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे त्याला ठाऊक नसते. उत्तरपत्रिकेच्या मागील पान पाहून गणित सोडवणारा विद्यार्थी जसा काही शिकत नाही, तसेच येथे होते. जगज्जेते मिखाईल बोटविनिक यांनीही स्वतःच्या डावांचे परखड विश्लेषण करण्यावर आयुष्यभर भर दिला. ते विश्लेषण प्रसिद्ध करावे, म्हणजे इतरांना त्यातील दोष दाखवता येतील, असा त्यांचा आग्रह होता.

दोन महिन्यांनी वही वाचली, तेव्हा मला बुद्धिबळाविषयी थोडे आणि माझ्याविषयी बरेच समजले. बहुतेक घोडचुका रात्री अकरानंतरच्या होत्या. हरल्यावर लगेच सुरू केलेला डाव जवळजवळ नेहमी आधीच्यापेक्षा वाईट खेळला गेला होता. आणि सर्वांत अधिक वेळा आलेला शब्द ‘दुर्लक्ष’ होता. प्रतिस्पर्ध्याने ही खेळी का केली असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारतच नव्हतो.

मन पहिल्याच विचाराला चिकटते

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंसमोर एक पट ठेवला. त्यावर मात करण्याचा एक परिचित मार्ग होता आणि दुसरा त्याहून जवळचा, पण अनोळखी. परिचित मार्ग दिसल्यावर खेळाडू म्हणाले, ‘आम्ही याहून चांगला मार्ग शोधत आहोत.’ पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्राने टिपल्या, तेव्हा नजर पुन्हा पुन्हा पहिल्या मार्गाच्या घरांकडेच वळत असल्याचे दिसले. ते खोटे बोलत नव्हते. आपण शोधत आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते.

मिशेल काउली आणि रूथ बर्न यांच्या २००४ मधील अभ्यासात आणखी एक फरक दिसला. निष्णात खेळाडू एखादी खेळी मनात आली की ती कशी फसेल हे आधी तपासतात. नवखे खेळाडू मात्र प्रतिस्पर्धी आपल्या सोयीचेच खेळेल, असे गृहीत धरतात. घरच्या वादांतही आपण नवख्या खेळाडूसारखेच वागतो. समोरच्याला काय म्हणायचे आहे हे न पाहता आपली पुढची खेळी ठरवून मोकळे होतो.

शरीराचाही डाव असतो

वहीने शरीराकडेही लक्ष वेधले. झोप अपुरी झाली की एकाग्रता आणि संयम दोन्ही घटतात, आणि हरलेल्या डावाने चेतवलेले मन लवकर निवत नाही. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. म्हणून आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. त्या वाचकांनाही उपयोगी पडतील.

रात्री नऊनंतर डाव नाही आणि मोबाईल झोपण्याच्या खोलीत नाही. लागोपाठ दोन डाव हरलो तर त्या दिवशीचा खेळ बंद. दर वीस मिनिटांनी वीस फूट अंतरावरील वस्तूकडे वीस सेकंद पाहायचे. आमच्या अंगणातले कडुलिंबाचे झाड त्या कामी येते. तीन मिनिटांच्या झटपट डावांऐवजी अर्ध्या तासाचा एकच डाव खेळायचा, कारण विचारच न केलेल्या डावात तपासण्यासारखे फारसे काही नसते.

एक सावधगिरीची सूचना. खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे दीर्घकाळ टिकली तर तो केवळ छंद राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा स्थितीला विकार म्हणून स्थान दिले आहे. अशा वेळी वही पुरेशी नाही, डॉक्टरांशी बोलावे. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनामूल्य उपलब्ध आहे.

वही उघडी राहिली

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आपल्या विदर्भातली एक मुलगी! त्या दिवसांत नातीलाही पटाची ओढ लागली, पण ती आजीला विचारी, मला नाही.

एका सकाळी मी ओसरीवर वही उघडून बसलो होतो. ती लांबून पाहत होती. मग जवळ येऊन तिने पानावरचा शब्द मोठ्याने वाचला, “लोभ.” थोडे थांबून तिने विचारले, “आबा, या सगळ्या तुमच्या चुका आहेत?”

“हो. सगळ्या माझ्याच.”

“आणि तुम्ही त्या लिहून ठेवता?”

मी तिला तो सात खेळ्यांचा डाव पटावर मांडून दाखवला. चौथ्या खेळीशी मी थांबलो आणि विचारले, “येथे तू काय केले असतेस?” तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “मी पण प्यादं घेतलं असतं.” मग आम्ही दोघांनी मिळून काळ्या घोड्याची उडी शोधली. चूक कोणाची हा प्रश्न त्या वेळी उरला नव्हता. ती पटावर होती आणि आम्ही दोघे एकाच बाजूला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दप्तराच्या तळातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. घटक चाचणीचा पेपर होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. वीसपैकी सात गुण. तिने तो घरात कोणालाही दाखवला नव्हता.

लाल पेन माझ्या खिशात होते. ते मी तसेच राहू दिले. “आधी तू सांग, कोठे चुकलीस असे तुला वाटते?” मी विचारले. तिने पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या गणिताजवळ, माझ्या वहीत पाहिला होता तसा एक शब्द लिहिला: घाई.

माझे गुणांकन फारसे वाढलेले नाही. अजूनही हरतो, अजूनही कधी कधी फुकटचे प्यादे घेतो. पण वही आता ओसरीवरच्या कोनाड्यात असते, घरातील कोणालाही वाचता येईल अशी. तिच्या मागच्या पानांवर नातीची गणिते आहेत.