विमान उतरताना पायलट इंजिनाचा जोर कधी कमी करतो? काही सेकंदांचा उशीर किती महागात पडतो?

विमान धावपट्टीला टेकलं की इंजिन एकदम गरजतं. वेग तर कमी करायचाय, मग इंजिन जोरात का?

तो आवाज रिव्हर्स थ्रस्टचा. इंजिन उलटं फिरत नाही, त्याचा मागे जाणारा हवेचा झोत पुढे वळवला जातो. कोरड्या धावपट्टीवर बहुतेक काम चाकांचे ब्रेकच करतात. ओल्या धावपट्टीवर मात्र या झोताचा मोठा आधार असतो.

पण खरी कसरत टेकण्याआधीची. विमान खाली येत असलं तरी पायलट इंजिन अगदी मंद करत नाही. जेट इंजिन म्हणजे स्कूटर नव्हे, की मूठ पिळली आणि पळाली! मंद इंजिनाला पूर्ण जोर पकडायला काही सेकंद लागतात, आणि ऐनवेळी पुन्हा वर जावं लागलं तर तेवढा वेळ नसतो. म्हणून चाकं आणि फ्लॅप बाहेर काढून हवेचा विरोध वाढवायचा आणि इंजिन थोडं चढं ठेवायचं.

जमीन काही फुटांवर आली की नाक किंचित वर आणि थ्रस्ट लिव्हर सावकाश मागे. एअरबसमध्ये तर कॉकपिटच 'रिटार्ड' असं ओरडून आठवण करून देतं. घाई केली तर विमान आपटतं. उशीर झाला तर ते धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि ताशी 250 किलोमीटरला दर सेकंदाला जवळपास 70 मीटर धावपट्टी मागे पडते.

7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडमध्ये हेच घडलं. एअर इंडिया एक्सप्रेसच्या त्या बोइंग 737 चे कॅप्टन होते दीपक साठे, हवाई दलातले माजी अधिकारी. त्यांचे आईवडील नागपूरचे. चौकशी अहवालानुसार, पाऊस आणि मागून वारा असताना धावपट्टीवर आल्यावर इंजिनाचा जोर वाढवला गेला. सुमारे 2,700 मीटरच्या धावपट्टीवर विमान जवळपास निम्म्यावर जाऊन टेकलं, पुढे टोकाच्या उतारावरून कोसळलं. दोन्ही पायलटांसह 21 जण गेले.

सहवैमानिकाने 'गो-अराउंड', म्हणजे पुन्हा वर चला, असं सांगितलं होतं. चाकं टेकल्यावरही ते करता येतं. रिव्हर्स थ्रस्ट लावला की मात्र तो पर्याय संपतो, मग थांबायचंच.