दान की दाम?

ब्रिटन, हॉलंड, अमेरिका येथील अनेक चर्चमध्ये रविवारची प्रार्थना आटोपली की एका टेबलावर कॉफीची पाकिटे विक्रीला मांडली जातात. ही कॉफी गरीब देशांतील लहान शेतकऱ्यांकडून 'न्याय्य व्यापारा'च्या अटींवर घेतलेली असते. विक्रीतून उरलेला पैसा पुष्कळदा परदेशातील मदतकार्याला दिला जातो. पाकीट घेणाऱ्याला वाटते, आपण दान केले. परंतु ह्या व्यापारामागची मूळ मागणी दानाची नव्हती, दामाची होती.

मेक्सिकोच्या ओहाका राज्यातील डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. बाजारपेठ दूर, हाती पैसा नाही; त्यामुळे दारी येणारा दलाल सांगेल तो भाव. ह्या दलालांना तेथील लोक 'कोयोते' म्हणजे लांडगे म्हणतात. 1983 मध्ये ह्या शेतकऱ्यांनी 'उसिरी' ही सहकारी संघटना उभी केली. फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच कॅथलिक धर्मगुरू त्यांच्यात राहून काम करीत होते. त्यांनी आणि हॉलंडमधील चर्चशी संबंधित 'सॉलिडारिडाड' संस्थेच्या निको रोझेन यांनी पुढाकार घेतला आणि 1988 मध्ये 'मॅक्स हॅवेलार' हे चिन्ह लावलेली कॉफी साध्या दुकानांत आली. हे नाव मुल्तातुली यांच्या 1860 च्या कादंबरीचे. जावातील शेतकऱ्यांची डच सत्तेखाली चाललेली लूट तिने चव्हाट्यावर मांडली होती.

ह्या व्यवहाराची रीत अशी: बाजारभाव कितीही पडला तरी सहकारी संस्थेला ठरलेला किमान भाव मिळतो, बाजार चढला तर चढा भाव मिळतो. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातीचे कोटे मोडले आणि भाव कोसळले. 2001 मध्ये तर ते पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेले. अशा वेळी किमान भाव म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळते. 2023 मध्ये धुऊन तयार केलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला 1.40 वरून 1.80 डॉलर करण्यात आला. त्यावर 20 सेंट सामूहिक निधीसाठी मिळतात. हा निधी कशावर खर्चायचा, ते सभासद ठरवतात.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्याची जमीन आहे तो सभासद. पण ज्याच्याकडे जमीनच नाही आणि जो दुसऱ्याच्या मळ्यात फळे तोडतो, त्याचे काय? लंडन विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये इथिओपिया व युगांडा येथील अभ्यास प्रसिद्ध केला. पाहणी केलेल्या भागांत न्याय्य व्यापारामुळे मजुरांची स्थिती सुधारल्याचे त्यांना दिसले नाही. मजुरी बहुधा इतरत्रपेक्षा कमीच होती. न्याय्य व्यापाराच्या संघटनेने ह्या तुलनेवर आक्षेप घेतला. तरीही प्रश्न उरतोच. 1980 नंतर महाराष्ट्रात शेतमालाच्या रास्त भावासाठी आंदोलने झाली, तेव्हा भूमिहीनांच्या बाजूनेही हेच विचारले गेले: भाव वाढला म्हणजे मजुरी वाढते काय?

दानात किती द्यायचे आणि केव्हा थांबायचे हे देणारा ठरवतो. दामाच्या व्यवहारात पिकवणाऱ्यालाही बोलण्याची जागा मिळते. दानापेक्षा ही पायरी निश्चितच वरची होय. मात्र भूमिहीन मजुराला त्या बैठकीत जागा मिळत नाही, तोवर 'न्याय्य' हा शब्द अपुराच राहील.