घाट चढण्याआधी वॉटर पंप तपासा

लोधिवलीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं की खोपोलीपर्यंत चढ फारसा जाणवत नाही. पुढे बोरघाट लागतो आणि लोणावळा येईपर्यंत गाडी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर गेलेली असते. खालच्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, एसी लावून चढताना रेडिएटरला वारा मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर आणि वॉटर पंपावर असते. झिजलेला पंप नेमका इथेच दगा देतो. तापलेली गाडी तशीच दामटली तर सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं आणि खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

पंप गेल्याची खूण

पंपाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याखाली वाळलेला हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला तर पंप बदलायला झाला. पुलीला खेळ असणं, बेल्टपाशी घरघर येणं ही बेअरिंग गेल्याची लक्षणं.

घरी करावं का?

पंप बाहेरच्या बेल्टवर फिरत असेल तर जरूर करावं. टायमिंग बेल्टवर फिरत असेल, जसं जुन्या डस्टर गाडीच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात, तर मेकॅनिककडेच द्यावं. तिथे टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

काम कसं करायचं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट अंगावर उडतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कूलंट बादलीत उतरवा, मग बेल्ट, पुली आणि पंप काढा. बोल्ट लहानमोठे असतात. कुठला कुठे होता ते पुठ्ठ्यावर खोचून ठेवा.

खरा वेळ द्यायचा तो ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडण्यात. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर धातूची पट्टी घासू नका, प्लास्टिकची वापरा. त्या जागेवर एक ओरखडा राहिला तरी नवा पंप गळू शकतो. नवं गॅस्केट लावून नवा पंप बसवा आणि बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळा. १० नंबरच्या पान्याने फिरणारे बोल्ट जोर लावला की तुटतात, म्हणून मॅन्युअलमधलं माप बघून टॉर्क रेंच वापरावा.

गाडीला सांगितलेलंच कूलंट भरा. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. मग पुली, बेल्ट आणि बॅटरीची वायर परत लावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि मॅन्युअलप्रमाणे अडकलेली हवा काढा. हवा राहिली तर नवा पंप असूनही तापमानाचा काटा वर जातो.

नंतर

लगेच घाट गाठू नका. खोपोलीपर्यंत जाऊन या, गाडी थंड झाल्यावर कूलंटची पातळी बघा. काढलेलं कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं; कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. ते नाल्यात ओतू नका, इथलं पाणी पाताळगंगा नदीला मिळतं. कॅनमध्ये बंद करून, जुनं कूलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या.